नादुरुस्त मोबाईल आणि कुटुंबाची छायाचित्रे

'तौक्ते' चक्रीवादळ १६ मे २०२१ रोजी सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकले आणि दुसऱ्या दिवशी रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर धडकले. जाता जाता त्याने मालवण, देवगड व वेंगुर्ले या तालुक्यांतील घरांची कौले उडविली, माड व आंब्याची झाडे आडवी केली आणि मच्छीमारांच्या होड्या व जाळी यांची हानी केली. अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. या हानीचे पंचनामे झाले, अहवाल गेले, साहाय्यही वाटण्यात आले. परंतु अशा आपत्तीत आणखी एक हानी होते, तिला पंचनाम्यात रकाना नसतो. खाऱ्या पाण्यात भिजलेल्या किंवा पडलेल्या भिंतीखाली चेपलेल्या मोबाईलबरोबर त्या घराची छायाचित्रेही नाहीशी होतात.

पूर्वी छायाचित्र हे घरातील वस्तू होते. काळ्या जाड कागदाच्या अल्बममध्ये कोपरे चिकटवून ते बसवीत, किंवा चौकट करून माजघराच्या भिंतीवर टांगीत. कोकणच्या दमट हवेत त्यावर बुरशी येई, कडा पिवळ्या पडत; तरी पन्नास वर्षांनंतरही आजोबांचा चेहरा ओळखू येई. शिवाय निगेटिव्ह स्टुडिओवाल्याकडे असे. आज मालवणच्या दांडी किनाऱ्यावर रापण ओढली जात असो, आंगणेवाडीची जत्रा असो की घरचा गणपती असो, छायाचित्र निघते ते मोबाईलवर, आणि बहुधा तेथेच राहते. एकाच वस्तूत हजारो छायाचित्रे, आणि ती वस्तू खिशातून पडली की सर्वच गेली, अशी ही अवस्था आहे.

२०२१ च्या त्या मे महिन्यात हा प्रश्न विशेष तीव्र होता. कोरोनाची दुसरी लाट चालू होती आणि निर्बंधांमुळे अत्यावश्यक सेवांखेरीज इतर दुकाने बंद होती. ज्या कुटुंबांतील माणूस रुग्णालयातून परत आला नाही, त्यांच्याजवळ त्याचे शेवटचे छायाचित्र पुष्कळदा एखाद्या मोबाईलमध्येच होते. तेराव्याला ठेवण्यासाठी तसबीर हवी आणि मोबाईल तर चालत नाही, ही अडचण ज्याने जवळून पाहिली असेल त्याला प्रस्तुत विषय क्षुल्लक वाटणार नाही. शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्याकडे गावकरी अशा वेळी सल्ल्यासाठी येतात. तो सल्ला योग्य असावा, या हेतूने हे विवेचन केले आहे. शासकीय पत्रव्यवहारात 'भ्रमणध्वनी' हा शब्द रूढ असला, तरी मालवणच्या बाजारात तो कोणी उच्चारीत नाही. सबब येथेही 'मोबाईल' हाच शब्द योजिला आहे.

छायाचित्र कोठे असते?

मोबाईलची काच फुटली म्हणजे छायाचित्रे गेली, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती चुकीची आहे. काच, तिच्याखालील पडदा, बॅटरी, चार्जिंगची खाच, कॅमेरा हे सर्व भाग बदलता येण्यासारखे आहेत आणि त्यांपैकी एकातही छायाचित्र साठविलेले नसते. ते असते मुख्य सर्किट बोर्डावर डाख देऊन बसविलेल्या नखाएवढ्या स्मृतिचिपमध्ये. ही चिप वीज नसतानाही आपल्यातील मजकूर राखून ठेवते. त्यामुळे मोबाईल वर्षभर कपाटात बंद पडून राहिला, एवढ्यानेच छायाचित्रे नष्ट होत नाहीत. कपाटातला 'मेलेला' मोबाईल भंगारात देण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

मग चिप काढून दुसऱ्या यंत्रावर वाचता येणार नाही काय? दहा-बारा वर्षांपूर्वीच्या मोबाईलबाबत ते शक्य होते आणि जाणकार तंत्रज्ञ ते करीतही. आता बहुतेक मोबाईलमध्ये सर्व मजकूर कूटरूपात साठविला जातो. आयफोनमध्ये २०१४ पासून छायाचित्रांसह बहुतेक खाजगी मजकूर वापरणाऱ्याच्या पासकोडशी जखडलेला असतो. अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, सक्षम अशा नव्या मोबाईलना असे कूटीकरण सक्तीचे झाले. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची व एक खातेदाराची. तसेच येथे आहे. एक किल्ली त्या विशिष्ट मोबाईलच्या प्रोसेसरमध्येच कोरलेली असते आणि ती बाहेर काढता येत नाही. दुसरी म्हणजे वापरणाऱ्याचा पिन, पॅटर्न किंवा पासवर्ड. नुसती स्मृतिचिप हाती येऊन उपयोग नाही. तिच्यातून निघेल तो अर्थहीन अक्षरांचा ढीग.

यातून दोन व्यावहारिक गोष्टी निष्पन्न होतात. छायाचित्रे मिळवायची तर मूळ प्रोसेसर व मूळ स्मृतिचिप ही जोडी जिवंत राहिली पाहिजे आणि मोबाईल निदान एकदा तरी सुरू झाला पाहिजे. तसेच मोबाईल बंद होऊन पुन्हा सुरू झाला की पहिल्या वेळी बोटाचा ठसा चालत नाही, पिनच लागतो. अंगठा लावून मोबाईल उघडण्याची सवय झालेल्या वडीलधाऱ्या मंडळींना आपला पिन आठवत नाही, आणि घरातील इतरांना तो ठाऊकच नसतो. दुरुस्तीवर पैसे खर्च करण्यापूर्वी पिन कोणाला ठाऊक आहे, ही चौकशी प्रथम करावी. अंदाजाने पिन दाबत राहू नये. प्रत्येक चुकीबरोबर प्रतीक्षेचा काळ वाढतो, आणि काही आयफोनवर दहा चुकांनंतर सर्व मजकूर पुसला जाईल अशी व्यवस्था वापरणाऱ्यानेच करून ठेवलेली असते.

आधी इतरत्र शोध

मोबाईल उघडण्यापूर्वी छायाचित्राची दुसरी प्रत अन्यत्र आहे काय, हे पाहणे श्रेयस्कर. या कामाला खर्च नाही, धोका नाही, आणि आश्चर्य वाटेल इतक्या वेळा यश येते.

मोबाईलमध्ये छोटे मेमरी कार्ड असल्यास ते काढून दुसऱ्या मोबाईलमध्ये किंवा ग्रामपंचायतीच्या संगणकावर पाहावे. ते कार्ड 'अंतर्गत साठवण' म्हणून बसविलेले असेल तर मात्र ते त्याच मोबाईलशी जखडलेले असते व अन्यत्र वाचले जात नाही. त्यानंतर गूगल खाते. अनेकांच्या नकळत त्यांची छायाचित्रे 'गूगल फोटोज' मध्ये जात असतात. कोणत्याही संगणकावर त्या खात्याने प्रवेश केला असता ती दिसतात. येथे आपल्याकडील एक विशिष्ट अडचण उद्भवते. नवीन मोबाईल घेताना दुकानदारच नवीन खाते उघडून देतो; त्याचा पत्ता ग्राहकाला ठाऊक नसतो, पासवर्ड तर नसतोच. तीन मोबाईल झाले की तीन खाती होतात, आणि जुनी छायाचित्रे पहिल्या खात्यात बेवारस पडून राहतात. अशा वेळी गूगलच्या प्रवेश-पृष्ठावरील 'ईमेल विसरलात?' हा पर्याय निवडून मोबाईल नंबर व खात्यावरील नाव दिल्यास त्या नंबरशी जोडलेली खाती शोधता येतात. नंबर चालू असला पाहिजे, कारण खात्री पटविणारा संकेतांक त्यावरच येतो. सिमकार्डही मोबाईलबरोबर गेले असेल तर कंपनीकडून त्याच नंबरचे दुसरे सिम आधी घ्यावे.

या खात्यांविषयी दोन तारखा लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. १ जून २०२१ पर्यंत गूगल फोटोजमध्ये ठराविक दर्जाची छायाचित्रे मर्यादेविना विनामूल्य ठेवता येत. त्या दिवसापासून ती १५ जीबीच्या मर्यादेत मोजली जाऊ लागली. म्हणजे तौक्ते येऊन गेल्यावर अवघ्या दोन आठवड्यांनी ही सवलत संपली. त्यापूर्वीची छायाचित्रे मात्र त्या हिशेबात धरली गेली नाहीत. दुसरी तारीख डिसेंबर २०२३. दोन वर्षे अजिबात न वापरलेली वैयक्तिक खाती त्यातील छायाचित्रांसह काढून टाकण्यास गूगलने तेव्हापासून प्रारंभ केला. सबब जुन्या खात्याचा शोध पुढच्या सुटीवर ढकलू नये.

तिसरे ठिकाण म्हणजे नातलगांचे मोबाईल. कोकणातील कुटुंब एका गावात नसतेच. गणपतीला व शिमग्याला येणारे चाकरमानी छायाचित्रे काढून घेऊन मुंबईला जातात, आणि गावातील छायाचित्रे व्हॉट्सअॅपवरून परळ, विरार, डोंबिवलीपर्यंत पोहोचलेली असतात. कुटुंबाच्या गटावर एक निरोप टाकला की महिन्यांपूर्वीची छायाचित्रे तासाभरात परत येतात. व्हॉट्सअॅपवरून आलेले छायाचित्र मुळाहून लहान झालेले असते. साधारणतः त्याची लांब बाजू १६०० बिंदूंची भरते. अल्बमातील सहा बाय चार इंची प्रतीला ते पुरते, भिंतीवरील मोठ्या तसबिरीला कमी पडते. परंतु काहीच नसण्यापेक्षा ते किती तरी बरे.

समुद्राच्या पाण्याचा गुणधर्म

आता प्रत्यक्ष मोबाईलकडे वळू. किनाऱ्यावरील मोबाईलची दुखापत बहुधा पाण्याची, आणि तीही खाऱ्या पाण्याची असते. हा भाग थोडा विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण येथेच सर्वाधिक नुकसान अज्ञानामुळे होते.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. शुद्ध पाणी विजेचे वाईट वाहक आहे. समुद्राचे पाणी चांगले वाहक आहे. मोबाईलची बॅटरी सुमारे चार व्होल्टची असते. पाण्याचे विद्युत्-विघटन घडण्यास सव्वा व्होल्ट दाब पुरेसा होतो. म्हणजे बॅटरी जोडलेली असताना खारे पाणी आत शिरले की बोर्डावर एक लहानसा विद्युत्-रासायनिक कारखानाच चालू होतो. तांब्याच्या केसाएवढ्या रेषा खाल्ल्या जातात, हिरवट-पांढरे किटण चढते, शेजारच्या दोन टोकांत नको तेथे जोड निर्माण होतो. विहिरीच्या पाण्यात पडलेला मोबाईल एखादे दिवशी आपोआप सुधारतो. देवबागच्या खाडीत पडलेल्या मोबाईलबाबत ती आशा फार कमी. तेथे हिशेब तासांचा असतो. शिवाय पाणी वाळले तरी मीठ आत राहते, आणि पावसाळ्यातील ओलसर हवेत ते पुन्हा पाणी ओढून घेऊन आपले काम चालू ठेवते.

यास्तव पाण्यातून काढलेला मोबाईल प्रथम बंद करावा. चालू होतो की नाही हे पाहण्यासाठी कळ दाबू नये आणि चार्जरला तर मुळीच जोडू नये. नेमकी हीच गोष्ट घाबरलेला मनुष्य आधी करतो. सिम व मेमरी कार्ड काढून घ्यावे. बॅटरी सुटी होणारी असल्यास ती काढावी. बाहेरून मोबाईल पुसून, हलवाहलव न करता, शक्य तितक्या लवकर दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यावा आणि 'समुद्राच्या पाण्यात पडला होता' हे स्पष्ट सांगावे. तो मागील झाकण उघडून बॅटरीची जोडणी सोडवितो, बोर्ड बाहेर काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतो. साधन असल्यास ध्वनिलहरींच्या टाकीत घालून चिपांखालील क्षारही काढतो. हे धुणे वेळेवर झाले तर बोर्ड वाचण्याची शक्यता बरीच असते.

तांदळाच्या डब्यात मोबाईल पुरून ठेवण्याचा उपाय घराघरांत प्रचलित आहे. त्याचा उपयोग नाही. तांदूळ आतील पाणी ओढून घेत नाही, मीठ तर काढूच शकत नाही. उलट त्याचा कोंडा खाचेत जातो आणि मोलाचे दोन दिवस वाया जातात. तांदळात ठेवू नये, असे आयफोन बनविणाऱ्या ॲपल कंपनीच्या मार्गदर्शक सूचनेतही नमूद आहे. केस वाळविण्याच्या यंत्राची गरम हवा, चुलीची ऊब, कडक ऊन हेही वर्ज्य, कारण लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही. बॅटरी फुगलेली दिसल्यास ती दाबू किंवा टोचू नये. तिला आग लागू शकते. मोबाईल 'वॉटरप्रूफ' आहे या जाहिरातीवरही विसंबू नये. आय.पी. ६७ या मानकाचा अर्थ एक मीटर खोल गोड्या पाण्यात तीस मिनिटे, आणि तोही मोबाईल नवा असताना. एकदा पडून चौकट वाकली, किंवा दुरुस्तीसाठी उघडला गेला, की त्या मानकाला अर्थ उरत नाही.

फुटलेला पडदा, मेलेला बोर्ड

पडदा फुटला असेल तर काम त्या मानाने सोपे आहे. चार्जरला लावल्यावर मोबाईल थरथरतो काय, त्या नंबरवर फोन केल्यास घंटी वाजते काय, हे पाहावे. तसे असेल तर मोबाईल जिवंत आहे. चित्र दिसते पण स्पर्श चालत नाही, अशा अँड्रॉइड मोबाईलला 'ओ.टी.जी.' नावाची लहान जोडणी लावून संगणकाचा साधा माउस जोडावा. पडद्यावर बाण उमटतो व त्याने पिन घालता येतो. मग संगणकास वायर जोडून, मोबाईलवर 'फाईल ट्रान्स्फर' निवडून, 'डीसीआयएम' नावाच्या फोल्डरमधील 'कॅमेरा' हा भाग संपूर्ण उतरवून घ्यावा. वायर जोडली पण संगणकावर काहीच दिसत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. याचे कारण बहुधा हेच, की मोबाईल कुलूपबंद आहे किंवा तो केवळ चार्जिंगच्या स्थितीत आहे. चित्रही दिसत नसेल तर पडदा बदलून घ्यावा. मोबाईल पुढे वापरायचा नसला तरी छायाचित्रे उतरविण्यापुरता हा खर्च करण्यासारखा असतो.

बोर्डच मृत झाला असेल तर काम विशेष कौशल्याचे होते. सूक्ष्मदर्शकाखाली बिघडलेला घटक शोधून बदलावा लागतो. अगदीच नाइलाज झाला तर प्रोसेसर व स्मृतिचिप ही जोडी उचलून त्याच जातीच्या दुसऱ्या बोर्डावर बसवितात. अशी कामे मुंबई-पुण्यासारख्या शहरांत होतात, खर्च बराच येतो आणि यशाची हमी नसते. हमी देणाऱ्यापासूनच सावध राहावे. 'धूलिरहित कक्ष' दाखवून जादा आकार मागणारेही आढळतात. तो कक्ष संगणकाच्या फिरत्या तबकडीच्या डिस्कसाठी लागतो, मोबाईलच्या चिपसाठी नव्हे.

दुकानदाराशी बोलताना एक वाक्य कटाक्षाने उच्चारावे : "मोबाईल नाही चालला तरी चालेल, मला फोटो हवे आहेत." दुरुस्ती करणाऱ्याचे ध्येय मोबाईल चालू करून देणे हे असते, आणि त्याचा हुकमी उपाय म्हणजे 'सॉफ्टवेअर मारणे'. त्यात मोबाईल कोरा होऊन चालू होतो. कूटरूप मजकूर उलगडण्यास लागणारी किल्ली त्याच क्षणी नष्ट होते आणि त्यानंतर कोणत्याही प्रयोगशाळेला ती छायाचित्रे परत आणता येत नाहीत. पिन विसरल्यावर 'कुलूप काढून देतो' म्हणणारा बहुधा हेच करतो. पिन सांगून मोबाईल दुकानात ठेवणे म्हणजे घराची किल्ली देणे होय, हेही विसरू नये; शक्य तर समोर बसून काम करून घ्यावे आणि बँकेचा व्यवहार त्या नंबरवर असल्यास सिम काढून घ्यावे. पैसे आगाऊ घेऊन दूरवरून छायाचित्रे मिळवून देण्याची भाषा करणाऱ्या अनोळखी इसमाने फसविल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदविता येते.

चुकून पुसलेल्या छायाचित्रांविषयी थोडक्यात. गूगल फोटोजच्या कचरापेटीत जतन झालेली छायाचित्रे ६० दिवस, आयफोनच्या पेटीत ३० दिवस राहतात. ती मुदत टळल्यावर मोबाईलच्या अंतर्गत साठवणीतून ती परत मिळणे जवळजवळ अशक्य असते; तसे सांगणारी अॅप्स केवळ लघुचित्रे दाखवितात. मेमरी कार्डाचे तसे नाही. कार्ड ताबडतोब वापरातून काढून 'फोटोरेक' सारख्या विनामूल्य संगणक-कार्यक्रमाने तपासल्यास पुसलेली छायाचित्रे पुष्कळदा मिळतात. शाळेच्या संगणकावर शिक्षकांना हे काम करता येण्याजोगे आहे.

पुरावा म्हणून छायाचित्र

पंचायत सदस्य व अधिकारी यांना या विषयाचे आणखी एक अंग आहे. वादळात होडी फुटली, बाग मोडली, म्हणून छायाचित्र काढले जाते. मूळ छायाचित्रात ते काढल्याची वेळ आणि, सोय चालू असल्यास, स्थळही नोंदलेले असते. तेच छायाचित्र व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या रीतीने पाठविले की ही नोंद गळून पडते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविल्यास ती टिकते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ अन्वये इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुराव्यात देताना जे प्रमाणपत्र जोडावे लागते, त्याच्या नमुन्यात त्या अभिलेखाचे 'हॅश' मूल्य नमूद करण्याची तरतूद आहे. म्हणून मूळ फाईल जशीच्या तशी राखणे महत्त्वाचे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात सुरू झालेल्या ई-पीक पाहणीतील छायाचित्र अपलोड झाले की शासनाच्या सर्व्हरवर पोहोचते, मग मोबाईल मोडला तरी ते सुरक्षित असते. परंतु नेटवर्क नाही म्हणून जे मोबाईलमध्येच थांबले, ते मोबाईलबरोबर जाते.

जतनाचे तंत्र प्रत्येक काळी बदलले. एकाच ठिकाणी ठेवलेल्या गोष्टीचा धोका बदललेला नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या साठ्याला २००३ साली लागलेल्या आगीत नायट्रेट फितीवरील अनेक जुन्या चित्रपटांची रिळे नष्ट झाली. ज्यांच्या प्रती अन्यत्र होत्या तेवढे चित्रपट उरले. घरगुती छायाचित्रांसाठी याहून वेगळी युक्ती नाही. पावसाळ्यापूर्वी कौले चाळतात, लाकूडफाटा भरून ठेवतात, त्याच सुमारास वर्षाची छायाचित्रे एका पेनड्राइव्हवर उतरवून तो मुंबईच्या नातलगाकडे द्यावा, आणि निवडक वीस-पंचवीस कागदावर छापून घ्यावीत.

मृत व्यक्तीचे खाते

शेवटी सर्वांत नाजूक प्रश्न. मोबाईल ज्याचा होता तो मनुष्यच हयात नसेल तर काय करावे? गूगलमध्ये 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' या सोयीने, आणि आयफोनमध्ये २०२१ पासून 'लेगसी कॉन्टॅक्ट' या सोयीने, आपल्या पश्चात आपला मजकूर कोणाला मिळावा हे हयातीतच नोंदविता येते. आपल्याकडे हे अद्याप फारसे कोणी करीत नाही. मग उरतो तो मोबाईल नंबर. घरात कोणी वापरीत नाही म्हणून त्याचा रिचार्ज थांबविला जातो, नंबर बंद होतो, आणि बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकास दिला जाऊ शकतो. त्याबरोबर खात्याचा दरवाजाही बंद होतो. वारसांनी मृत्यूचा दाखला व आपली ओळखपत्रे सादर करून तो नंबर कंपनीच्या कार्यालयातून आपल्या नावे करून घ्यावा. मृत्यूची नोंद करण्यासाठी कुटुंबीय ग्रामपंचायतीत येतातच; दाखला हाती देताना तेथील कर्मचाऱ्याने नंबर चालू ठेवण्याची ही सूचनाही द्यावी.